गाडीवर रंग उडालाय? थिनर लांब ठेवा

नमस्कार मंडळी. हे बॉनेट बघा, जरा जवळून. सोसायटीच्या ग्रिलला ऑइल पेंटचा स्प्रे मारत होते, वारा सुटला होता आणि खाली ही पांढरी गाडी उभी. दोनदा धुतली तरी ठिपके जागचे हलले नाहीत.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, ‘थिनर मारा, लगेच जाईल.’ जाईल हो, पण सोबत काय जाईल? गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, केसाएवढीही नाही म्हणा ना. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग थोडा वेळ थिनर सोसेलही. पण एखादा दरवाजा गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला असेल, तर तिथला रंगच फडक्यावर येऊ शकतो. हेडलाइटला तर थिनर अजिबात नको. ती काच नाही, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे. पांढरं पडतं, बारीक तडे जातात.

भिंतीचा इमल्शन उडाला असेल आणि ताजा असेल, तर शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा, बराचसा सुटतो. वाळलेल्या ऑइल पेंटला मात्र क्ले बार, म्हणजे गाडीचा पत्रा साफ करायची मळता येणारी मऊ वडी.

गाडी धुऊन सावलीत घ्या. क्लेचा लहान तुकडा मळून असा चपटा करा. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि थोडा कार शाम्पू. पत्रा चांगला ओला करा, कोरड्यावर क्ले फिरवलात तर ओरखडे आलेच म्हणून समजा. आता सरळ रेषेत, पुढे-मागे, जोर न लावता. ऐकलंत? खरखर येतेय. क्ले रंग विरघळवत नाही, वर आलेला कण कापून काढतो. खरखर थांबली, हात सुळकन सरकला की तो भाग झाला. क्ले बघा, काळा झालाय. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर सरळ कचऱ्यात, खडा चिकटलेला असतो.

शेवटी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून फिरवा, राहिलेला कण लगेच लागतो. क्लेने जुना वॅक्सही निघतो, तो परत लावा. काळ्या गाडीवर धूसरपणा दिसेल, तिथे आधी हलकं पॉलिश.

आणि समोरच्या काचेवरचे ठिपके? काच ओली करून नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरा आणि सरकवा. हेडलाइटवर मात्र ब्लेड नाही, तिथेही क्लेच.