टाचेवरचा ठसा

(दिव्याखाली हात, भिंगातून चेहरा)

हा गोलंदाज. तोफ डागणारा. उंची 75 मिलिमीटर, मधल्या बोटाएवढी. छत्रपती संभाजीनगरातल्या या खोलीत रात्रीची जेवणं उरकली की आमचा मित्र कामाला बसतो. आधी तारेचा सांगाडा. मग दोन रंगांची इपॉक्सी पुटी एकत्र मळायची. ती आवळायच्या आत अंगरख्याच्या चुण्या पाडून झाल्या पाहिजेत. आज पाय, उद्या कंबर. चेहरा तर तीनदा खरवडून काढला. मिशी सुईच्या टोकानं.

(नदीकाठचं रान)

हे असई, भोकरदन तालुक्यातलं. एकीकडे केळणा, दुसरीकडे जुई. 23 सप्टेंबर 1803 ला शिंद्यांचे गोलंदाज इथून हलले नाहीत, आपापल्या तोफेपाशीच संगिनींनी मारले गेले. त्यांच्याशी लढलेल्या इंग्रजांनीच हे लिहून ठेवलंय. त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. म्हणून ही फिगर.

(सिलिकॉन ओतताना)

मूळ फिगर डब्यात उभी करायची, वरून सिलिकॉन सोडायचं. घट्ट झालं की ब्लेडनं चिरायचं. हा झाला साचा. यात रेझिन ओतून काही डझन प्रती निघतात, मग साचा फाटायला लागतो.

रिकास्ट करणारा एकच फिगर विकत घेतो आणि तिचाच साचा काढतो. त्याचं काम एवढंच.

(दोन फिगर शेजारी शेजारी)

डावीकडची मूळ. उजवीकडची रिकास्ट, म्हणजे तिची चोरून काढलेली नक्कल, आम्ही मुद्दाम मागवलेली. रेझिन आकसतं, म्हणून ती केसभर बुटकी आहे. मिशी बुजली, बोटं एकमेकांना चिकटली, हनुवटीखाली हवेचा बुडबुडा. आता तळ बघा. मूळ फिगरच्या डाव्या टाचेवर, पुटी ओली असताना उमटलेला अंगठ्याचा ठसा आहे. तोच ठसा उजवीकडेही आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पाला संरक्षण आहे, जाणूनबुजून नक्कल केली तर तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार केली, विक्रीचं पान उतरलं, दुसऱ्या नावानं परत लागलं.

आम्ही मित्रांनी रिकास्ट रंगवायची नाही आणि प्रदर्शनात टेबलावर ठेवायची नाही, असं ठरवलंय. तुम्हीही घेण्याआधी विचारा, ही घडवली कोणी? विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर घेऊ नका.

(फडकं बाजूला होतं)

हे तोफ ओढणारे बैल. एकाची शिंगं व्हायची आहेत. चार महिन्यांपासून असेच आहेत.