गाडी खालून धुवा

नमस्कार श्रोतेहो. टोरंटो आणि आसपासच्या आपल्या मंडळींशी आज गाडीबद्दल बोलायचं आहे, विशेषतः तिच्या खालच्या बाजूबद्दल.

हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते खाणीतलं जाडं मीठ. आपल्या ओंटारिओतच, गोडरिचला, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे 550 मीटर खोल मिठाची प्रचंड खाण आहे. उणे 9 अंशांच्या खाली या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे पत्रा वरून कोरडा दिसला तरी सांध्यांत ओल टिकून राहते. आणि खारं पाणी म्हणजे गंजाला मोकळं रान. कोकणात समुद्राकाठी राहिलेल्यांना खिडकीच्या गजांचं काय होतं ते सांगायला नको.

म्हणून नुसतं बॉनेट चकाचक करून भागत नाही. मीठ बसतं चाकांच्या वरच्या खोबणीत, दारांखालच्या पट्टीत आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर. मला सगळ्यात जास्त काळजी या नळ्यांची वाटते. एखादी गंजून फुटली, तर पेडल दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही. कार वॉशला जाल तेव्हा खालून जोरात पाणी मारणारा अंडरबॉडी वॉश आवर्जून मागा. पांढरा थर कोरड्या फडक्याने मात्र कधीच पुसू नका, रंगावर ओरखडे उठतात.

पारा शून्याच्या वर गेला की त्याच दुपारी गाडी धुऊन घ्या. धुतल्यावर दारं उघडून कडेचे रबर पुसा, नाहीतर रात्री गोठून दार चिकटतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक छिद्रं असतात, ती चिखलाने बुजली नाहीत ना, हेही बघा.

घरचं गॅरेज ऊबदार असेल तर जास्तच जपा. कडाक्याच्या थंडीत गंजाचा वेग मंदावतो, उबेत तो पुन्हा वाढतो. मिठाने माखलेली गाडी रात्रभर उबेत उभी ठेवणं तिला बाधतं.

एप्रिलमध्ये बर्फ संपला की एकदा नीट खालून धुवा. पावसावर विसंबू नका, तो आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. त्याच दिवशी पायाखालचे मॅट आणि शक्य तेवढा गालिचाही उचलून बघा. बुटांबरोबर आत आलेलं खारं पाणी तिथे मुरलेलं असतं, आणि त्याने तळाचा पत्रा आतून गंजतो.