नमुन्याशिवाय विणलेला पोंचो

श्रोतेहो, नमस्कार. थंडी पडू लागली की कपाटातले लोकरीचे गोळे बाहेर येतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, की नमुना कुठून आणायचा. गळ्यापासून खाली गोल विणत जायच्या पोंचोला नमुना लागतच नाही, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे.

पोंचो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधल्या लोकांचे वस्त्र. ते मागावर विणतात आणि डोके घालण्यासाठी मध्ये चीर ठेवतात. आपण सुयांवर विणणार असल्यामुळे थेट गळ्यापासूनच सुरुवात करू शकतो, आणि गोल सुईवर, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन सुयांवर, प्रत्येक फेरी सुलट विणली तरी साधी सुलट वीण पडत जाते, उलट टाक्यांची ओळ घालावी लागत नाही.

आधी निवडलेल्या लोकरीचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा विणावा, धुवावा, वाळवावा आणि मगच मोजावा. माझ्या हाताला ५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसतात, म्हणून डोके सहज जाईल अशा ६० सेंटिमीटरच्या गळ्यासाठी मी १०८ टाके घालते. फेरी जोडण्यापूर्वी टाक्यांची साखळी सुईभोवती पिळली गेलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. तो पीळ पुढे विणून सरळ होत नाही, सगळे उसवावेच लागते.

आता टाके वाढवायचे कसे? एलिझाबेथ झिमरमन (१९१० ते १९९९) या विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी गोल शालीसाठी वर्तुळाचे साधे गणित वापरले. मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की परीघही दुप्पट होतो, म्हणून नऊ टाक्यांपासून निघून एकेका फेरीत टाके दुप्पट करायचे आणि दोन वाढींमधल्या फेऱ्या ३, ६, १२, २४ अशा वाढवत न्यायच्या. मधल्या फेऱ्यांमध्ये मोजणी नसल्यामुळे तिथे मनासारखी जाळी घालता येते. या युक्तीवर माझा इतका जीव जडला, की पहिल्या पोंचोलाही मी गळ्यापाशीच १०८ चे २१६ केले आणि गळ्याभोवती झालरीसारख्या चुण्या उभ्या राहिल्या. शाल जमिनीवर सपाट पसरते. खांदे मात्र उतरते असतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या खेपेस मी तीच वाढ तीन टप्प्यांत विभागली. सहा सेंटिमीटर विणून झाल्यावर दर तीन टाक्यांमागे एक टाका वाढवला, म्हणजे १४४ झाले. आणखी सहा सेंटिमीटरनंतर दर चार टाक्यांमागे एक, म्हणजे १८०. आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर दर पाच टाक्यांमागे एक, म्हणजे २१६. खांद्यांभोवती १२० सेंटिमीटरचा घेर अलगद बसला. आपल्या खांद्यांचे माप वेगळे असेल, तर गुणाकार तेवढा बदलावा.

बेताने विणण्याचे खरे सुख असे, की अंगावर घालून पाहता येते. दाभणात जाड सुती दोरा ओवून सगळे टाके त्यावर उतरवावेत, आरशासमोर उभे राहून हात वर करावेत. दंडाला ताण बसत असेल तर आणखी ३६ टाके वाढवावेत. नसेल तर तसेच कोपरापर्यंत उतरत जावे.

नुसती सुलट वीण खालच्या काठाशी गुंडाळत जाते, त्यामुळे शेवटच्या आठ-दहा फेऱ्या आलटून पालटून एक उलट, एक सुलट अशा घालाव्यात. टाके बंद करण्यासाठी काठाच्या घेराच्या तिप्पट-चौपट लांबीची लोकर आधीच राखून ठेवावी, आणि सुई एक माप मोठी घ्यावी, म्हणजे काठ आवळत नाही. विणून झालेला पोंचो कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून सपाट जागी सावलीत पसरावा. दोरीवर टांगू नये, कारण ओल्या लोकरीच्या वजनाने त्याचा घेर लांबट ओघळतो.