घासाघीस करणारा नाटककार

जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्तवर बोलायचं म्हटलं की फळ्यावर दोन रकाने पाडायची आपल्याकडे रीत आहे. डावीकडे ॲरिस्टॉटलची रंगभूमी, म्हणजे प्रेक्षकाला भावनेत बुडवणारी; उजवीकडे ब्रेख्तची एपिक रंगभूमी, म्हणजे त्याला दुरून बघायला आणि विचार करायला लावणारी. परीक्षेला तेवढं पुरतं. पण त्याने माणूसही हाती लागत नाही आणि नाटकही. म्हणून आज मी एका सौद्यापासून सुरुवात करणार आहे.

'मदर करेज आणि तिची मुलं' या नाटकाचा तिसरा प्रवेश. सतराव्या शतकातलं तीस वर्षांचं युद्ध चालू आहे. करेज फौजेच्या मागोमाग गाडा ओढत दारू, पट्टे, बूट विकते. तिचा धाकटा मुलगा पलटणीचा खजिनदार. तिजोरी लपवताना तो शत्रूच्या हाती सापडतो. लाच दिली तर सुटेल, भाव दोनशे गुल्डन. गाडा गहाण टाकला तर तेवढे मिळतायत. आणि ही बाई काय करते? एकशेवीस देऊ करते. ऐंशी हातात राहिले तर धंदा पुन्हा उभा करता येईल, असा तिचा हिशेब. निरोप जातो, निरोप येतो. शेवटी दोनशे द्यायला ती तयार होते, तोवर उशीर झालेला असतो. घासाघीस जरा जास्तच ताणली गेली, असं तीच म्हणते. पुढे मुलाचं प्रेत समोर आणतात तेव्हा ओळख दाखवायची सोय नसते. दाखवली तर तीही जाईल.

तिला क्रूर म्हणाल? ऐंशी गुल्डनशिवाय ती आणि तिची मुकी मुलगी जगणार कशावर? आणि बिचारी म्हणाल, तर हे युद्ध चालू राहावं ही तिचीच तर गरज आहे. ब्रेख्तला आपण या पेचात बसायला हवे आहोत. रडून मोकळं होऊन घरी जायला नकोय.

लोक मात्र रडलेच! १९ एप्रिल १९४१ रोजी झुरिचमध्ये पहिला प्रयोग झाला, ब्रेख्त तेव्हा फिनलंडमध्ये परागंदा. समीक्षकांनी लिहिलं ते मातेच्या अभंग जीवनशक्तीविषयी. ब्रेख्त वैतागला आणि त्याने नाटक दुरुस्त केलं. मूळ संहितेत जखमींच्या पट्ट्यांसाठी करेज स्वतःच चांगले शर्ट देते. नव्या संहितेत ती देत नाही, तिच्याकडून हिसकावून घ्यावे लागतात. जानेवारी १९४९ मध्ये उद्ध्वस्त बर्लिनमध्ये ते उभं राहिलं, त्याची बायको हेलेने वायगेल करेजच्या भूमिकेत. प्रेक्षागृहात युद्धात सगळं गमावलेली माणसं. शर्ट हिसकावले तरी ही माणसं रडलीच.

त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी सांगतो. मुलाला गोळ्या घातल्याचा आवाज येतो तेव्हा वायगेल मान मागे टाकते, तोंड पूर्ण उघडते आणि आवाज काढतच नाही. ही मुद्रा बहुधा एका वृत्तपत्रीय छायाचित्रातून आली, अशी ब्रेख्तची नोंद आहे. सिंगापूरवरच्या माऱ्यात मेलेल्या मुलाच्या प्रेतापाशी बसलेल्या एका भारतीय बाईचं ते छायाचित्र. आपल्याकडे ब्रेख्तच्या 'भारतीय प्रभावा'वर लिहिणारे फारसे इथवर येत नाहीत. दुसरी गोष्ट शेवटच्या प्रवेशातली. मुलगीही मेली आहे, पुरण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे द्यायचे आहेत. वायगेल पिशवीतून नाणी काढते, मोजते, एक नाणं परत पिशवीत टाकते, मग उरलेली देते. रकान्यांतलं सगळं तत्त्वज्ञान त्या एका नाण्यात आहे. तिच्या दुःखात खोट नाही आणि तिचा हिशेबही सुटत नाही.

हा हिशेब ब्रेख्तला कुठून कळला? आउग्सबुर्गमध्ये १८९८ साली जन्मलेला हा मुलगा कागद गिरणीतल्या व्यवस्थापकाचा, म्हणजे खात्यापित्या घरचा. मार्क्स त्याने पुढे, विशीच्या शेवटी वाचला. पण घासाघीस त्याला आधीपासूनच येत होती. १९२८ मध्ये बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरात 'थ्री पेनी ऑपेरा' लागला आणि तो रातोरात गाजला. जॉन गे याच्या दोनशे वर्षं जुन्या इंग्रजी नाटकाचं जर्मन भाषांतर त्याची सहकारी एलिझाबेथ हाउप्टमान हिचं, संगीत कुर्ट वाइलचं. करारातली टक्केवारी बघा: ब्रेख्त साडेबासष्ट, वाइल पंचवीस, हाउप्टमान साडेबारा. शिवाय फ्रेंच कवी फ्रांस्वा व्हियाँच्या कवितांच्या भाषांतरातल्या ओळी त्याने अनुवादकाचं नाव न घालता उचलल्या होत्या. आरोप झाल्यावर बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत, असं उत्तर दिलं. भांडवलशाहीवर कोरडे ओढणाऱ्या नाटकाचा हा धंदा! मला यात नुसता दुटप्पीपणा दिसत नाही, पण हाउप्टमानची बाजू घेतल्याशिवाय मला पुढेही जाववत नाही. त्याची दुसरी सहकारी मार्गारेटे श्टेफिन, तिचंही तेच. परागंदा काळातली नाटकं तिच्या श्रमांवर उभी राहिली, आणि क्षयाने खंगलेली ती १९४१ मध्ये मॉस्कोत वारली. ब्रेख्त तेव्हा अमेरिकेची बोट गाठायला व्लादिवोस्तोककडे निघाला होता.

देश सोडायचा हिशेब त्याने अचूक केला. हिटलर सत्तेवर आला होता; राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली २७ फेब्रुवारी १९३३ ला, दुसऱ्याच दिवशी ब्रेख्त जर्मनीबाहेर. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, मग कॅलिफोर्निया.

डेन्मार्कमध्ये लिहिलेल्या 'गॅलिलिओ'त पुन्हा तोच व्यवहार. पहिल्या संहितेतला गॅलिलिओ चतुर आहे. चर्चपुढे मान तुकवतो, जीव वाचवतो आणि गुपचूप ग्रंथ पुरा करतो. नाझी राजवटीत सत्य दडवून जपणाऱ्यांना हा सौदा पटणारा होता. मग ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर बाँब पडला. नट चार्ल्स लॉटनबरोबर इंग्रजी संहिता करताना ब्रेख्तने गॅलिलिओलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ग्रंथ हातात असूनही तो स्वतःला दोषी ठरवतो, कारण त्याने आपलं ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या हवाली केलं.

गंमत पुढेच आहे. ३० ऑक्टोबर १९४७ ला वॉशिंग्टनमध्ये, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ब्रेख्त स्वतः उभा. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का? त्याच्याआधीच्या दहा जणांनी या प्रश्नाचं थेट उत्तर नाकारलं आणि ते तुरुंगात गेले. ब्रेख्तने सिगार ओढत, मोडक्या इंग्रजीत, नाही म्हणून सांगितलं. पक्षाचं कार्ड त्याच्याकडे खरंच नव्हतं. त्याच्या एका कवितेचं इंग्रजी भाषांतर वाचून 'हे तुम्हीच लिहिलंत ना?' असं विचारलं, तर म्हणाला, नाही, मी एक जर्मन कविता लिहिली, ती यापेक्षा फार वेगळी आहे. सभागृहात हशा. अध्यक्षांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी साहेब विमानाने युरोपात. गॅलिलिओला त्याने पिंजऱ्यात उभं केल्याला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती.

पुढे पूर्व बर्लिनमध्ये तिथल्या कम्युनिस्ट सरकारने त्याला आणि वायगेलला बर्लिनर आन्साम्बल ही संस्था दिली. त्याने खिशात ऑस्ट्रियाचा पासपोर्ट ठेवला आणि पुस्तकांचे हक्क पश्चिमेतल्या प्रकाशकाकडे. १७ जून १९५३ रोजी कामगार रस्त्यावर उतरले, रशियन रणगाडे आले. ब्रेख्तने पक्षप्रमुख उलब्रिख्तला पत्र लिहिलं. त्यात जनतेशी मोठी चर्चा व्हावी, असंही होतं. पक्षाच्या दैनिकाने छापलं फक्त शेवटचं, निष्ठेचं वाक्य. त्याच उन्हाळ्यात त्याने ती कविता लिहिली, सरकारने जनताच बरखास्त करून दुसरी का निवडू नये, असं विचारणारी. कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही. १९५४ मध्ये शिफबाउअरडाम थिएटर त्याच्या संस्थेला मिळालं. हे कारण आणि ते कार्य असं मी म्हणत नाही. पण एकशेवीस की दोनशे, हे तोही मोजत होता. १४ ऑगस्ट १९५६ ला तो गेला, वय अवघं अठ्ठावन्न.

आता आपल्याकडचं थोडं. भारताने पूर्व जर्मनीला मान्यता दिली १९७२ मध्ये, पण ब्रेख्त नावाचा त्यांचा दूत आधीच येऊन पोचला होता. पूर्व जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ इथे आले. विजया मेहतांबरोबर त्यांनी केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा', म्हणजे ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल', चिं. त्र्यं. खानोलकरांच्या मराठीत होतं. १९७८ मध्ये 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी पुण्याच्या थिएटर अकादमीतर्फे केला. दोन्हींत लोकनाट्याचा साज, आणि तो शोभला. माझी शंका वेगळी आहे. पात्राने भूमिकेतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलणं, हे जर्मन प्रेक्षकाला दचकवणारं होतं. आपला सोंगाड्या हे बतावणीत कायम करतो. आपण दचकत नाही, उलट आरामात टेकून बसतो. मग ब्रेख्तला हवा असलेला दुरावा येणार कुठून? गाण्या-ढोलकीतून तो येणार नाही. तो त्या परत ठेवलेल्या नाण्यातून येईल. तुम्ही पोरं स्पर्धेसाठी ब्रेख्त बसवता तेव्हा महिनाभर गाणी बसवता आणि हिशेबाचा प्रवेश 'रेंगाळतो' म्हणून कापता. तो कापू नका. रेंगाळू द्या, निरोप्याला तीनदा आत-बाहेर करू द्या, प्रेक्षकाला मनातल्या मनात आकडे लावू द्या.

पाणी घेतो. मग प्रश्न विचारा, आणि हाउप्टमानबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आधी तेच विचारा.