बेडरूमला कॉर्निस लावताय? करवत हातात घेण्याआधी कोपरे बघून घ्या

नमस्कार मंडळी! वर बघा. हा भिंतीचा आणि छताचा सांधा. बारीक तडा दिसतोय? दर दोन-तीन वर्षांनी रंगारी येतो, त्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तडा परत हजर. कारण सोपं आहे. वरचा स्लॅब आणि बीम आरसीसीचे, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचे, खालची भिंत विटांची किंवा ब्लॉकची. दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं, त्यामुळे सांधा हलणारच. कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात फिरवलेली पट्टी, हा सांधा झाकते. शोभा येते ती वेगळी.

पहिला प्रश्न, कशाची घ्यायची? पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर कारागिरालाच बोलवा. माल कालवल्यावर काही मिनिटांतच घट्ट व्हायला लागतो आणि साचा सरळ ओढायला सरावाचा हात लागतो. घरच्या घरी करायचं तर पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनची तयार पट्टी घ्या. वजनाला हलकी असते, पाणी पीत नाही, करवतीने सहज कापली जाते आणि बहुतेक वेळा प्रायमर मारूनच येते. थर्माकोलची स्वस्त पडते, पण बोट लागलं तरी खड्डा पडतो, आणि सॉल्व्हंटवाला गोंद किंवा ऑइलपेंट लागला तर ती विरघळते. मी तरी बेडरूमला लावणार नाही.

रुंदी किती? आपल्या फ्लॅटची उंची साधारण नऊ-साडेनऊ फूट. तिथे तीन ते चार इंच बास. दुकानात सहा इंचांची नक्षीदार पट्टी भारी वाटते, घरी लावली की छत डोक्यावर आल्यासारखं होतं.

आता हिशोब. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर 44 फूट. पट्टी आठ फुटांची मिळते, म्हणजे साडेपाच पट्ट्या. तुम्ही सात आणा. कोपऱ्यांच्या कापात माल जातो.

पण थांबा, त्याआधी खोलीत एक फेरी मारा. आपली बेडरूम म्हणजे रिकामा चौकोनी डबा नव्हे. एका भिंतीला छताला टेकलेलं वॉर्डरोब, कोपऱ्यात बीम खाली उतरलेला, खिडकीवर पडद्याचा रॉड, एसीचा पाइप. कॉर्निस कुठून निघणार आणि कुठे संपणार, हे आधी ठरवा. वॉर्डरोबला नेऊन टेकवलीत तर शेवट आपोआप झाकला जातो. बीमला वळसा घालायचा तर बाहेरचे कोपरे येतात. रॉडचे ब्रॅकेट पट्टीच्या आड येत असतील तर ते आजच खाली घ्या. खिळे ठोकायचे असतील तर आणखी एक. स्विचबोर्डच्या बरोबर वरच्या रेषेत भिंतीत वायरचा पाइप असतो, तिथे खिळा नको.

आणि ओल असेल तर काम पुढे ढकला. वरच्या मजल्यावर गच्ची गळत असेल, तर कॉर्निस फक्त डाग झाकेल, पाणी थोडंच थांबवणार आहे! दिवाळीच्या घाईत पावसाने भिजलेल्या भिंतीवर काम करू नका.

आता भिंतीची तयारी, आणि इथे बहुतेकांचा कंटाळा नडतो. भिंतीवर हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर ते जुनं डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर गोंद लावलात तर गोंद रंगाला चिकटेल, रंग भिंत सोडेल आणि पट्टी रंगासकट खाली येईल. त्यामुळे पट्टी जिथे टेकणार तेवढा भाग, भिंतीचा आणि छताचाही, खरवडून पॉलिशपेपरने घासा आणि ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. नंतर पट्टीचा एक तुकडा कोपऱ्यात धरून खालच्या कडेच्या खुणा करा आणि निळीची दोरी मारून रेघ पाडा. पाण्याच्या नळीने लेव्हल काढायची का? छत जेमतेम थोडं वरखाली असेल तर मी छताच्याच मागे जातो. नळी घेऊन कोणी तपासायला येत नाही, पण पट्टी आणि छत यांच्यातली फट दारातूनच दिसते.

[कॅमेरा मायटर बॉक्सवर]

आता काप. हा मायटर बॉक्स, करवत ठरलेल्या कोनात चालावी म्हणून खाचा असलेली पेटी. पट्टी बॉक्समध्ये उलटी ठेवायची. छताला टेकणारी कड खाली बुडाला, भिंतीची कड उभ्या बाजूला. हे नीट बघा, सगळा गोंधळ इथेच होतो. आतल्या कोपऱ्याला भिंतीकडची कड लांब राहते आणि छताकडची आखूड. बाहेरच्या कोपऱ्याला बरोबर उलट. कापण्याआधी पेन्सिलने पट्टीवर 'भिंत' आणि 'छत' असं लिहून टाका, लाजायचं काही नाही.

आणि कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात असेल अशी आशा ठेवू नका. एकेक फुटाचे दोन तुकडे 45 अंशांत कापा आणि प्रत्येक कोपऱ्यात धरून बघा. पुढे फट राहिली की मागे, त्यावरून काप अंशभर इकडेतिकडे करा. हेच दोन तुकडे सगळ्या खोलीत वापरा. मग लांब पट्टी मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त ठेवून कापा, मध्ये थोडा बाक देऊन बसवा. सांधा घट्ट बसतो.

गोंद पीयूला चालणारा घ्या. दोन्ही कडांना आणि सांध्याच्या तोंडालाही लावा, पट्टी दाबा, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. वाळेपर्यंत खाली दोन-तीन बारीक खिळ्यांचा आधार द्या. बीमच्या काँक्रीटमध्ये साधा खिळा जात नाही, वाकतो. तिथे मास्किंग टेपने धरा. आणि हो, घोड्यावर, म्हणजे शिडीवर चढण्याआधी पंखा बंद!

फटी भरायला अॅक्रिलिक सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. लांबीही नको, कारण मघाशी म्हटलं तसा सांधा हलतो आणि कडक लांबी तडकते. सीलंट ओल्या बोटाने ओढून घ्या. खिळ्यांची भोकं आणि पट्टीला पट्टी जोडलेले सांधे मात्र लांबीनेच भरा आणि बारीक पेपरने घासा.

रंगाचा पहिला हात पट्टी जमिनीवर असतानाच मारून घ्या, मान वाचते. बसवल्यावर दुसरा हात, दोन इंची ब्रशने. इमल्शन, आणि मॅट. चकचकीत फिनिशचं खूळ सोडा. आपल्याकडे ट्यूबलाइट भिंतीवर, कॉर्निसच्या थोडीच खाली असते. तिचा उजेड तिरका वर जातो आणि चकचकीत रंगावर एकेक सांधा, एकेक ओरखडा उठून दिसतो. म्हणून शेवटचा हात दिवसा मारलात तरी आधी संध्याकाळी ट्यूब लावून सांधे तपासा आणि घासायचं असेल ते तेव्हाच घासा.

रंग कुठला? छताचाच पांढरा, डोळे झाकून. भिंतीला गडद रंग देणार असाल तर खालच्या कडेला टेप लावा, आणि शेवटचा हात पूर्ण वाळायच्या आत टेप तिरका ओढून काढा. उरलेला पांढरा रंग डब्यात नीट बंद करून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसलीच, तर थोडं सीलंट आणि ब्रशचा एक हात, रंगाऱ्याला फोन करायची गरज नाही.