फोटोची मागची बाजू

(एका वाचनालयात हौशी छायाचित्रकारांपुढे झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, माझी हयात पोस्टात गेली. चौतीस वर्षं. फोटो ही माझी रविवारची भानगड. त्यामुळे कुठली लेन्स घ्यावी, रीलला गाणं कुठलं लावावं, हे ऐकायला आला असाल तर तुमचा हिरमोड होणार. मला बोलायचंय ते पत्त्याबद्दल.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. तळाशी एक फोटो सापडला, कडा नागमोडी कातरलेल्या. चार बायका नऊवारीत, एक पोरगं भोकाड पसरलेलं, मागे दगडी खांब. समोरून बघून काही उमगेना. उलटा केला, तर पाठीवर पेन्सिलीनं आईचं अक्षर: ‘वेरूळ. नाताळची सुटी, १९६१. डावीकडून ताई, मी, वन्सं, माई. बाळ्याला बूट चावलाय.’ बाळ्या म्हणजे मीच.

आता खिशातून मोबाइल काढा आणि शेवटचा फोटो बघा. त्याला पाठ आहे का? म्हणजे आहे तशी. कॅमेरा तारीख, वेळ, कधीकधी अक्षांश-रेखांशसुद्धा फाइलच्या पोटात लिहून ठेवतो. त्याला एक्झिफ म्हणतात. पण बूट कुणाला चावला ते तो लिहीत नाही. ते आपणच लिहायचं असतं आणि आपण लिहीत नाही.

फोटो काढून चारचौघांना दाखवायची खाज आजची नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. लंडनची त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती. डॉ. भाऊ दाजींचे भाऊ, डॉ. नारायण दाजी, त्या मंडळींत होते. पेशा डॉक्टरचा, हौस कॅमेऱ्याची. पुढं १८५६ पासून हौशी लोकांच्या फोटोंचं एक मासिकच मुंबईतून निघू लागलं. फोटो छापायचं आजच्यासारखं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून अस्सल प्रिंट अंकाच्या पानावर एकेक करून चिकटवायच्या. सोबत वर्णनाचा मजकूर. एक पोस्ट टाकायला केवढी खळ लागली असेल बघा! पण मजकुरावाचून नुसता फोटो द्यावा असं त्यांना वाटलं नाही. आज त्या प्रिंट बघताना हा माणूस कोण, ही जागा कुठली, याचा धागा लागतो तो त्या चार ओळींमुळे.

आता माझी गंमत ऐका. नाणेघाटातल्या त्या दगडी रांजणाचा, जकातीचा म्हणून सांगतात त्याचा, मी भर पावसात एक फोटो काढला. छत्री भाच्यानं धरली होती, तो आपादमस्तक भिजला. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन वर्षांनी मामीकडून तोच फोटो मला परत आला. रांजणावर दोन गुलाब, खाली ‘शुभ सकाळ’, आणि कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेलं ‘शिवकालीन रांजण’. सातवाहनांचा घाट, त्यांच्या राणीचा, नागनिकेचा, ब्राह्मी लेख शेजारच्या लेण्यात, आणि खाली हे! वर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’. मी मामीला म्हटलं, अहो, हा माझा फोटो. मामी म्हणाल्या, ‘असं होय? छान आहे हो. तू पण पाठवत जा असे.’

यात व्हॉट्सअ‍ॅपला नावं ठेवून उपयोग नाही. फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो आक्रसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि एक्झिफ पुसलं जातं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तरी पाठ कोरीच राहते. अस्सल फाइल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण मुख्य चूक माझी होती. मी रांजण पाठवला, चिठ्ठी पाठवलीच नाही. कुणीतरी रिकाम्या जागेवर आपली चिठ्ठी लावली.

पोस्टात आम्हाला एक सवय लागते. नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं पाकीट हातात आलं की कपाळाला आठी. कुठलं वडगाव? मावळातलं, पेठ वडगाव, की वडगाव बुद्रुक? म्हणून तर १९७२ मध्ये सहा आकडी पिनकोड आला. फोटोंचं तेच आहे. समजा तुम्ही खाली लिहिलंत, ‘लिंब’. साताऱ्याजवळचं लिंब गाव, की ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं तो चांदोबाचा लिंब, की तुमच्या परसातलं झाड? फोटो शोधणारं यंत्र कितीही हुशार झालं तरी फोटोखालच्या शब्दांना अजून धरूनच चालतं. तुम्ही ‘सह्याद्री’, ‘ट्रेकिंग’, ‘निसर्ग’ असे ठोकळ हॅशटॅग लावता. त्या गर्दीत लाखो फोटो आहेत, तुमचा कुठून दिसणार? ‘लिंब, ता. जि. सातारा, बारा मोटांची विहीर’ असं मराठीत लिहा. शोधणारे थोडे असतील, पण जो शोधेल तो थेट तुमच्या दारात येईल.

त्या विहिरीचंच सांगतो, कारण तिथं मी एक धडा शिकलो. अष्टकोनी विहीर, पायऱ्या उतरून गेलं की मध्ये दालन, दालनाच्या खांबांवर कोरीवकाम. सगळे काय करतात? वर काठावर उभे राहून वाइड लेन्सनं खाली बघतात. तो कोन नेटवर इतक्यांदा आलाय की विहिरीलासुद्धा पाठ झाला असेल. मीही तोच काढला. मग ऊन चढलं म्हणून सावलीला आत थांबलो, तर समोर शिलालेख. विहीर बांधवून घेणाऱ्या विरूबाई भोसल्यांचं नाव, १७१९ ते १७२४ हा बांधकामाचा काळ, सगळं तिथंच. ऊन तिरपं यायची वाट बघत तासभर बसलो, कारण कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात सपाट दिसतात, आडव्या उजेडात उठतात. फ्लॅश तर मारूच नका. बॅटरी असली तर बाजूनं धरा.

दोन्ही फोटो टाकले. वरून काढलेल्याला चारशेच्या पुढं लाइक. शिलालेखाला नऊ, त्यातला एक माझ्या मुलीचा. पण तीन वर्षांनी परगावच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला: काका, तुमच्या फोटोत दुसरी ओळ नीट वाचता येते, मोठी फाइल मिळेल का? चारशेंपैकी कुणीही तीन वर्षांनी परत आलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे, देखणा फोटो काढायचाच, पण सोबत पत्त्याचाही एक काढायचा. पाटी, लेख, दरवाजाचं बिजागर, मोजमापासाठी शेजारी ठेवलेली काडेपेटी. तो कुणी बघो न बघो.

आता हे ठेवायचं कुठं? ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. नकाशावर फोटो लावायचं पॅनोरामिओ २०१६ मध्ये गेलं. फोटो ठेवायच्या फ्लिकरनं २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि २०१८ मध्ये मालक बदलल्यावर फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. अशाच एका बंद पडलेल्या ठिकाणी माझ्या पाच पावसाळ्यांचे मथळे गेले. फोटो घरी होते, पण खालचा सगळा मजकूर तिथंच लिहिलेला. सूचनेचे ईमेल आले होते, मीच उघडले नाहीत. पोस्टातला माणूस आणि पत्र वाचलं नाही, आता कुणाला सांगणार! या सगळ्या धर्मशाळा आहेत. मुक्काम करा, ट्रंक ठेवू नका. मथळा आधी फाइलच्या पोटात लिहा. त्यासाठी आयपीटीसी नावाचे रकाने असतात आणि फोटो संपादनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ते मिळतात. मग कुठं टाकायचं तिथं टाका.

त्यातल्या त्यात मला भावलं ते विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियावाल्यांचं फोटोंचं खुलं कोठार. २००४ पासून आहे. तिथं लाइकची भानगड नाही. वर्णन लिहिल्याशिवाय फोटो पुढंच सरकत नाही, म्हणजे पाठ लिहूनच घेतात. नेदरलँड्समध्ये २०१० साली तिथल्या लोकांनी वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा सुरू केली, ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’, ती पुढं जगभर पसरली. २०१७ चा जागतिक पहिला क्रमांक कशाला मिळाला माहीत आहे? आपल्या जेजुरीला, खंडोबाच्या देवळातल्या भंडाऱ्याच्या उधळणीला. मात्र एक नीट समजून घ्या. तिथं फोटो देताना परवाना द्यावा लागतो. तुमचं नाव लिहून कुणीही तो वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. कन्यादानासारखं आहे. ज्याच्यात जीव अडकलाय तो फोटो देऊ नका.

बाकी ठिकाणी टाकलेल्या फोटोवर हक्क तुमचाच. बटण दाबलं की हक्क आला, नोंदणी लागत नाही. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो. हे मी एका रिसॉर्टवाल्याला फोनवर ऐकवलं. माझ्या धुक्यातल्या घाटाचा फोटो त्यानं हमरस्त्यावर वीस फुटी फलकावर लावला होता. तो म्हणाला, ‘नेटवरनं घेतलाय साहेब, चोरला नाही.’ मी कॅमेऱ्यातली मूळ, रॉ फाइल दाखवली, बिल पाठवलं. पैसे काही आले नाहीत. तीन महिन्यांनी फलकाच्या कोपऱ्यात माझं नाव आलं, मुंगीच्या आकाराचं, तेही आडनाव चुकवून.

मग लोक म्हणतात, वॉटरमार्क टाका ना मधोमध. मला ते पटत नाही. आपण भांड्यांवर नाव घालतो ते काठाला किंवा बुडाला. ताटाच्या मध्यभागी, भात वाढायच्या जागी, कोणी घालतं का? काठाला घाला, बारीक घाला. कापणारा कापेलच.

लाइकबद्दल एकच सांगतो आणि पुढं जातो. लाइक म्हणजे लग्नातला आहेर. तुम्ही दिला म्हणून तो देतो, कुणी किती दिला ते मनातल्या वहीत असतं. आहेरावरून जेवण कसं झालं ते कळत नाही.

एवढं पत्ता-पत्ता केलं, तर आता उलटं सांगतो. काही पत्ते लिहायचे नसतात. पक्ष्याचं घरटं असलं तर फोटो न काढणं उत्तम. काढलाच तर जागा सांगू नका. प्राणी-पक्षी-झाडांच्या नोंदी टाकायच्या आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी धोक्यातल्या प्रजातींचा नेमका ठावठिकाणा आपोआप धूसर करतात, ते उगीच नाही. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. त्याआधीपासूनच फोटो बघून येणारी गर्दी वाढत होती आणि फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांसाठी शेवटी कुंपण घालावं लागलं. काजव्यांचं तेच. फोटोवर भाळून लोक गाड्या घेऊन जातात, हेडलाइट चालू, आणि विचारतात काजवे कुठायत? अशा वेळी मी तालुका लिहितो आणि थांबतो.

माणसांच्या बाबतीत मात्र मी बराच काळ आंधळा होतो. वारीत एक आजी टिपली होती, चांदोबाच्या लिंबाजवळ. रिंगण सुटलेलं, धूळ, कपाळाला बुक्का, डोळे मिटलेले, डोक्यावर तुळस. खाली लिहिलं, ‘भक्ती’. आठशे लाइक. आईच्या त्या फोटोमागं रडणाऱ्या पोराचंसुद्धा नाव होतं आणि मी या बाईला ‘भक्ती’ म्हणून मोकळा झालो होतो.

पुढच्या वर्षी प्रिंट काढली. फोटोत पताकेवर दिंडीचा नंबर अर्धवट दिसत होता. रथामागं चालत चालत, विचारत विचारत, तरडगावच्या मुक्कामी गाठ पडली. आजीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, ‘डोळं मिटल्यात की रं माझं. मेल्यावाणी दिसतंय. दुसरा काढ.’ पदर नीट केला, तुळस उतरवून शेजारणीकडं दिली, आणि कॅमेऱ्याकडं असं बघितलं की मीच दचकलो. तो फोटो नेटवर नाही. मी विचारलं होतं, नको म्हणाल्या. प्रिंट पोस्टानं पाठवायची म्हणून मी पहिल्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं पत्ता लिहून घेतला. नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. त्यांना पिनकोड माहीत नव्हता. तो मला पाठ होता.