वजन खरं सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

स्कीइंगची सहल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पांढराशुभ्र उतार, निळं आकाश आणि झोकदार वळणं घेत खाली येणारे आपण. आमच्याही डोळ्यांपुढे हेच होतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाचे पहिले दोन तास गेले ते एका कोंदट खोलीत, बाकावर बसून, बुटात पाय कोंबण्यात.

स्कीचा बूट हा बूट नव्हेच, तो पायाला घातलेला साचा. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून अस्तर, पुढे चार बकलं. मी शहाणपणा करून मोजे दोन जोड्या चढवले होते, ऊब राहावी म्हणून. तिथे भाड्याने बूट देणाऱ्या मुलाने एक जोडी काढायला लावली. जाड मोज्यांनी बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गारठतात. मग टाच मागे आपटून बसवायची, नडगी पुढे टेकवायची आणि बकलं लावायची. उभं राहिलात की माणूस आपोआप गुडघ्यात वाकतो. त्या अवस्थेत जिना उतरून पाहा एकदा! आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना मात्र त्यात यंत्रमानव झाल्याचा आनंद झाला होता.

त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. उंची, वय, वजन आणि स्की कितपत येते. माझं वजन ८२ किलो. मी ७२ सांगितलं. का सांगितलं, ते विचारू नका. मागे रांगेत माणसं होती, शेजारी बायको होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

त्या मुलाने स्क्रू-ड्रायव्हरने बाइंडिंगचा स्क्रू फिरवला. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारा खटका. त्याने बूट धरायचा, पण पाय मुरगळेल इतका जोर आला की सोडूनही द्यायचा. किती जोराला सोडायचा, ते तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कसब यावरून ठरतं. वजन कमी सांगितलं, की खटका कमी जोराला सुटतो. पूर्वी बूट स्कीला पक्का जखडलेला असे. माणूस पडला की पायासकट लांबलचक फळी पिळली जायची. १९३७ साली यालमार वाम नावाच्या स्कीपटूने असाच पाय मोडून घेतला आणि इस्पितळात पडल्यापडल्या सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना काढली. तेव्हा फॉर्मवरचा तो आकडा पायाच्या हाडांसाठी असतो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

बाहेर आलो. शिकणाऱ्यांचा उतार इतका सपाट, की घरच्या अंगणालासुद्धा जास्त उतार असेल. तरी स्की पायात चढल्या की तोच कडा वाटायला लागतो. शिक्षिकेने पहिली गोष्ट शिकवली थांबायची: स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवायची, पाचरीसारखी. मुलांना ती याला ‘पिझ्झा’ म्हणत होती. पिझ्झाची फोड करा, वेग कमी. दोन्ही स्की समांतर करा, सुसाट.

खरी गंमत पुढे आहे. वेग वाढला की भीतीने माणूस मागे रेलतो. सगळं शरीर ओरडत असतं, मागे हो, मागे हो! आणि मागे रेललात की पुढच्या टोकांवरचा भार जातो, स्की वळायचं नाव घेत नाही आणि वेग आणखी वाढतो. वळायचं असेल तर पुढे झुकायचं, म्हणजे जिकडे पडायची भीती तिकडेच! आमच्या मुलीला हे तासाभरात जमलं. मला कळत होतं, पण माझ्या पाठीला कुणी सांगायचं?

पडलो तर किती वेळा, ते मोजलं नाही. उठायची रीत मात्र पाठ झाली. आधी दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या करायच्या, मगच उठायचं. नाहीतर उठता उठता घसरगुंडी पुन्हा सुरू. त्यात माझी स्की उगाचच निखळायची. जरासा हिसका बसला की खट्! एकदा तर मी नुसता उभा होतो, वळून मुलाला हाक मारली आणि डावी स्की माझ्याविना चार पावलं पुढे गेली.

दुपारी उतारावर वर घेऊन जाणाऱ्या पाळण्यात बसलो. खुर्च्यांचा हा पाळणा १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅलीला पहिल्यांदा सुरू झाला. तो बनवणाऱ्या इंजिनिअरला कल्पना सुचली होती जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. उतरताना टोकं वर धरा, असं शिक्षिका ओरडत होती, आणि आम्ही चौघं अगदी घडासारखेच एकमेकांवर कोसळलो. मागून येणारे वळसा घालून गेले. नियमच आहे तसा, पुढे असलेल्याला सांभाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची.

एक चूक मात्र बायकोच्या ध्यानात आली, माझ्या नाही. मुलाला क्रीम लावलं होतं गालाला आणि नाकाला. संध्याकाळी पाहिलं तर हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खाली लालबुंद. ताजा बर्फ ऊन खालून वर फेकतो, अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो, शिवाय उंचावर हवा विरळ. टोपी वरून येणारं ऊन अडवते, खालून येणारं कोण अडवणार?

चार वाजता आम्ही थांबलो. मुलांना आणखी एक फेरी हवी होती. मी नाही म्हटलं, कारण पाय थकले की ते दगा देतात, आणि माझे कधीच थकले होते.

बूट परत द्यायला गेलो. तोच मुलगा. मी त्याच्याजवळ वाकून हळूच म्हटलं, ‘‘उद्यासाठी वजन जरा दुरुस्त करायचंय. ८२.’’

त्याने फॉर्म काढला, जुना आकडा खोडला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात खात्री करून घेतली, ‘‘८२ ना, साहेब?’’